आईची ताडपत्री

आई, आज दारात पुन्हा एक जुना ट्रक उभा आहे. तुझ्या नातवाने घेतलाय. मिस्त्रीने ब्रेक पाहिले, स्प्रिंगचे पाटे बदलले, मीही चाकांवर काठी आपटून पाहिली. सवय जात नाही. ताडपत्री मात्र बाजारातून शिवून आली, आणि ती पाहिल्यापासून तू डोळ्यांपुढून हलत नाहीस.

आपला पहिला ट्रक लष्कराच्या लिलावातला. संस्थानं विलीन होत होती. होळकरी हद्दीवरचे जकातनाके उठले की बऱ्हाणपूरचा कापूस थेट इंदूरला नेऊ, असं मी बुधवारा पेठेत सांगत फिरायचो. गाडी म्हणजे नुसता सांगाडा. सुताराने लाकडी हौदा बसवला, फाळके लावले. ताडपत्री तू शिवलीस, जुन्या तंबूंचे तुकडे जोडून, दाभणाने. बोटं सोलवटली तरी कुणाला हात लावू दिला नाहीस. तपासणीही तुझीच. तू हौद्यात जाऊन बसलीस, वरून ताडपत्री ओढायला लावलीस आणि तुझ्या धाकट्या लेकीला म्हणालीस, "ओत पानी." ती घागरीवर घागर ओततेय, आम्ही हसतोय, आणि आतून तुझा आवाज येतो, "एक थेंब भी नाही आला रे! आता भर कापूस बिनधास्त." खाली उतरताना म्हणालीस, "पयल्या फेरीत मले शाहपूरले ने. माहेरच्या दारात मोटरीतून उतरीन." वडील गेल्यावर तू स्वतःसाठी मागितलंस ते एवढंच. मी हो म्हणालो.

पूजेच्या सकाळी तू अंगणातच होतीस, ताडपत्रीची शेवटची दोरी आवळत. ड्रायव्हर माझ्या कानाशी लागला, "मालक, पहली फेरी है. अम्मा को अंदर बिठा दो." विधवेचा अपशकुन त्याने मानला यात नवल नव्हतं. नवल माझं. मी शब्दानेही वाद घातला नाही. "आई, नारळ फुटेपर्यंत तू आत बस," म्हणालो. तू गाठ पक्की केलीस, मगच उठलीस. "बसते ना. चहा टाकते सगळ्यायले." शाहपूरचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस, पुढे माहेरी गेलीस ती बैलगाडीने. तुझी ताडपत्री मला चालली, तू चालली नाहीस. आठवलं की लाजेने आजही मान वर होत नाही.

हा कागद तुला पोचायचा नाही, म्हणूनच पुढचंही लिहवतंय. मघाशी पूजा झाली. धाकटी आता आपल्याकडेच असते. तिचे यजमान जाऊन वर्ष झालं. पूजेचं ताट तिनेच मांडलं, चाकाखाली लिंबूही तिनेच ठेवलं. मग ताट सुनेच्या हाती दिलं आणि कुणी काही म्हणायच्या आतच म्हणाली, "चला, मी चहा टाकते." तिला हाक मारावी असं फार वाटलं, आई. सगळे माझ्याकडेच बघत होते, नारळ माझ्या हातात होता. मी तो फोडला.