देवगाव फाट्यावरची धून

दादा,

आज रविवार, तेरा फेब्रुवारी १९९४. सकाळचे साडेदहा वाजलेत. दुकानाच्या ओट्यावर तुमचा मोठा ढोल आडवा टाकून, टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या चिंधीनं मी त्याच्यावरची अक्षरं पुसत बसलो होतो. 'ब्रास' पुसून झालं, 'बँड' अर्धं राहिलंय. तळहात लाल झाला म्हणून थांबलो, आणि वाटलं की उरलेलं पुसण्याआधी तुम्हाला सांगावं. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. त्यानंतर शाळा सुटली आणि हातात ब्रश आला. तसा तो तुम्हीच दिला होता म्हणा. मला क्लॅरिओनेट शिकवायला बसवलंत, दोन महिने झाले तरी माझा सूर फाटायचा, आणि एका सकाळी चुलीपुढं चहा पिताना तुम्ही आईच्या देखत म्हणालात, "ह्याच्या छातीत दम न्हाई. भितंय लय. हातानं काय करील ते करू दे." मला ते फार लागलं. त्याच संध्याकाळी तुम्ही दोन ब्रश आणि लाल रंगाचा एक डबा आणलात आणि ह्या ढोलावरचं पुसट झालेलं नाव माझ्याकडून गिरवून घेतलंत. आता मी पूर्ण्यातल्या निम्म्या पाट्या रंगवतो. अक्षर चुकत नाही. गेल्या महिन्यात विद्यापीठाचं नाव इतक्या वर्षांनी बदललं, तेव्हापासून तीही कामं येतात. प्रत्येक पाटी उतरवण्याआधी मी तीनदा वाचतो, आणि पोचवून आल्यावरही घरी बसून मनात पुन्हा वाचतो. भिणं काही गेलेलं नाही.

काल चाचा ढोल घेऊन आले. इतकी वर्षं तुमच्या उजव्या हाताला उभे राहून ट्रंपेट वाजवणारे आपले चाचा. तुमच्यामागं बँड त्यांनीच चालवला. पण आता लग्नवाले दारात आले की पहिला प्रश्न विचारतात, बँजो आहे का. मोठे भोंगे आहेत का. चाचांच्या पुतण्यानं दोन्ही घेतलंय, एक हातगाडीही केलीय, आणि जुनी गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून त्याला ढोल आपलाच हवाय. चाचांनी ढोल ओट्यावर ठेवला, घाम पुसला आणि दुसरीकडं बघत म्हणाले की, 'ब्रास बँड' काढून 'बँजो पार्टी' लिही.

समोरच्या हॉटेलात शिंपीकाका आणि रेल्वेत रूळ बदलायचं काम करून निवृत्त झालेले पॉइंटवाले मामा बसले होते. तुमच्या वेळीही ते तिथंच बसायचे. शिंपीकाकांनी तुम्हा सगळ्यांचे लाल कोट शिवले, म्हणून बँडवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. मामांनी तर तुमच्यामागं वरातीतून चालता येईल अशा पाळ्या मागून घेतल्या होत्या. दोघांचं भांडण अजून मिटलेलं नाही. शिंपीकाका म्हणतात, दुसरा क्लॅरिओनेटवाला नांदेडला गेला तिथंच बँड संपला. मामा म्हणतात, उलट तो गेल्यावर मास्तर, म्हणजे तुम्ही, मोकळे झाले. वरातीतली गाणी दोघंही मोजत नाहीत. ती कुणीही वाजवील म्हणतात. त्यांचा जीव तुमच्या बाकीच्या वाजवण्यात. नवरीला हळद लागताना मांडवाच्या मागं बसून वाजवलेलं, जेवणावळी उठल्यावर रिकाम्या पत्रावळींसमोर वाजवलेलं. आणि सगळ्यात वर देवगाव फाट्यावरची धून. वऱ्हाडाची बस बंद पडली, मुहूर्त टळायला आला, आणि मास्तरांनी रस्त्यावर उभं राहून जे वाजवलं ते पुन्हा कधीच वाजवलं नाही. शिंपीकाका ती भैरवी होती म्हणतात. मामांच्या मते निजामाच्या पलटणीतल्या उस्तादानं तुम्हाला दिलेली ती चीज, दुसऱ्या कुणाला येतच नाही. त्या बसमध्ये दोघंही नव्हते.

ढोल बघून दोघं चहा सोडून आले. आधी चाचांना बोलले, मग मला. शेवटी शिंपीकाका म्हणाले, "चाचा, एकदा ती धून वाजवा. वाजली तर नावाला हात लावायचा न्हाई. पुतण्याला नवा ढोल आमी वर्गणी काढून देतो."

चाचा म्हणाले, किती वर्षं झाली, कुणाला आठवते आता.

मामांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याला आठवत असंल की. मास्तरचं पोरगं हाय, त्या बसमधी होतं. शीळ घाल रे नुसती. चाचा उचलतील."

दादा, चाचा उचलू शकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पुढचे चारही दात गेले. ओठाला मागून टेकू नसला की ट्रंपेट बोलत नाही, नुसती हवा निघते. दोन हंगाम ते वरातीत पुढं उभे राहून गाल फुगवतात आणि मागून दुसराच वाजवतो. बँडवाल्यांना माहीत आहे. मला माहीत आहे, कारण एकदा ते माझ्या दुकानात येऊन, दार ओढून घेऊन, फुंकून बघत होते आणि मी पाठ करून उगाच डबे पुसत होतो. ह्या दोघांना मात्र माहीत नाही. ते अजून सांगतात, चाचांच्या फुंकेला तोड नाही. काल चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि ओठ आत घेतले.

मी म्हणालो, "न्हाई आठवत, मामा. लहान होतो मी."

"लहान होतास का बहिरा?" शिंपीकाका म्हणाले.

मामा म्हणाले, "पाट्या रंगवून रंगवून कानात बी रंग गेला ह्याच्या." दोघं हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. मास्तरच्या पोटी असं निघावं, एवढं जाता जाता ऐकू आलं.

दोघं गेल्यावर चाचा ढोलाजवळ बसले. मग हळूच म्हणाले, "तुला आठवते, बेटा. मला बी आठवते. धून कुठं होती ती."

नव्हतीच. मी बसच्या सावलीत, तुमच्या पायाशी बसलोय. उन्हानं डांबर मऊ झालंय. नवरदेवाचा मामा ड्रायव्हरला शिव्या देतोय आणि बायका पदरानं वारा घेतायत. तुम्ही वाद्याची पेटी उघडता. तुमची काळजी वेगळीच आहे. क्लॅरिओनेटच्या तोंडाशी असते ती पत्ती उन्हानं वाळून वाकडी होईल, आणि मांडवात पोचल्यावर ऐन वेळी दगा देईल. तुम्ही ती तोंडात धरून भिजवता, बसवता आणि एकच सूर लांबवता. मग त्याच्या वरचा. मग परत खाली. घरी रोज सकाळी आई चूल पेटवताना तुम्ही करायचात तेच, पत्ती ओली ठेवण्यासाठी. त्यापलीकडं काही नाही. पण मोकळ्या माळावर तो सूर दूरपर्यंत जातो, शिव्या थांबतात, नवरदेवाचा मामा रस्त्याच्या कडेला खाली बसतो. मला तेव्हा वाटलं होतं, आपल्या घरातलं काहीतरी ह्या लोकांनी उगाच ऐकलं.

हे सांगितलं असतं तर काका-मामांचं एवढ्या वर्षांचं भांडण एका वाक्यात संपलं असतं, आणि त्यांच्याजवळ दुसरं काही नाही. शीळ घातली असती तर चाचांना ट्रंपेट तोंडाला लावावं लागलं असतं, भर चौकात. म्हणून आठवत नाही म्हणालो. नाव त्यामुळंच जातंय. तुम्हाला हेच सांगायचं होतं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत ते मला ठरवता येत नाही. रात्रभर तेच चाललं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार. घडी घालून त्या लाल डब्याखाली ठेवीन, डबा कधीच वाळून गेलाय. लिहिता लिहिता समोर चाचांच्या पुतण्यानं हातगाडीवर भोंगे बांधले आणि बँजो लावून बघायला लागला. तुम्ही वाजवायचात त्यातलंच एक गाणं, जरा घाईनं. शिंपीकाका हॉटेलातून उठून गेले. मलाही आत जाता आलं असतं. पण पोरगं वाईट वाजवत नाही, दादा. मी चिंधी भिजवली आणि राहिलेलं अर्धं 'बँड' पुसून टाकलं. पुसून झाल्यावर कळलं, हात त्याच्याच ठेक्यावर चालत होता.