अकरा नंबरच्या पऱ्हाट्या

आदिलाबाद,
दि. ५ मार्च १९९१

चि. सौ. मनकर्णास,
दादाचा सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. जावईबापूंचा पाय बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, महिनाभर सायकलला हात लावू नका. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीच्या शाळेत परीक्षा आल्या, कचेरीत मार्चची धांदल, म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. तुझ्या कार्डातल्या एकाच ओळीला उत्तर सुचत नव्हतं.

"माय येताना बाचा फोटो काऊन घेऊन आली?"

आम्हाला ती सांगून गेली, चार दिवस लेकीकडं राहून येते. फोटो नेला हे भिंतीवरचा मोकळा खिळा दिसल्यावर कळलं. आता महिना झाला. तू लिहितेस, ती कुणाला काही मागत नाही, जायचं नावही काढत नाही. म्हणजे ती राहायलाच आली आहे. का आली, ते सांगतो.

आमच्या सोसायटीत बत्तीस घरं. निम्मे मास्तर, निम्मे माझ्यासारखे कारकून. अध्यक्ष सुधाकरराव, रिटायर हेडमास्तर, आपल्यातलेच, बेज्जूरकडचे. मी सेक्रेटरी. दिवाळीनंतर आम्ही नियम केले, म्हणजे त्यांनी सांगितले अन् मी लिहिले. कंपाउंडला दरवर्षी चुना, गेटला रंग, अंगणात गवत माजू द्यायचं नाही, दारापुढं गोवऱ्या, सरपण, भंगार ठेवायचं नाही. असे चौदा नियम. तुला माझी खोड ठाऊक आहे, लहानपणी मी कोंबड्यांनासुद्धा रांगेत उभं करायला बघायचो.

अन् आमच्याच दारापुढं, अकरा नंबरला, मायचा ढीग. कापूस निघाला की कॉलनीमागच्या शेतातून ती उपटलेल्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर आणायची. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी तिला चुलीवरचंच लागतं. दहा वेळा सांगितलं. म्हणायची, "तुह्या गॅसच्या पान्यानं आंग नुसतं वल्लं होते."

शेवटी मी तिला नोटीस काढली. होय, घरातल्या घरात. "घर नंबर अकरा. दर्शनी भागातील पऱ्हाट्या सात दिवसांच्या आत हटवाव्यात." खाली सोसायटीचा गोल शिक्का अन् माझी सही. सेक्रेटरीनं आपल्या घरालाही सोडलं नाही, असं लोकांनी म्हणावं ही हौस. मी कचेरीत असताना चौकीदारानं ती मायच्या हातात दिली.

ती कागद घेऊन शेजारच्या रेणुकाबाईंकडे गेली. त्यांनी वाचून दाखवला, वर समजावलंही, की फक्त पऱ्हाट्याच काढायच्या आहेत. मायनं विचारलं, "शिक्का हाये का?" मग सहीवर बोट ठेवून म्हणाली, "हे तं माह्या मोत्याची हाये." रेशनच्या फॉर्मवर तिच्या अंगठ्याशेजारी मीच सही करतो, ती ओळखते. पुढं म्हणाली, "पऱ्हाट्या कोनं आनल्या? म्याच ना. मंग मलेच हटा म्हनते."

तुला आठवणार नाही, तू कडेवर होतीस. आपलं जुनं घर देशमुखाच्या जागेत होतं. असाच एक कागद आला, त्यावरही गोल शिक्का. बाला वाचता येत नव्हतं. त्यानं शिक्का पाहिला अन् दिवस मावळायच्या आत घर रिकामं केलं. मायनं तर चुलीतली राखसुद्धा काढून टाकली. शिक्क्याच्या कागदाशी हुज्जत घालायची नसते, एवढं ती त्या दिवशी शिकली. यावेळी सात दिवसांची मुदत होती. सहाव्या दिवशी तिनं तुमच्या जैनथची बस धरली.

हे सगळं मला तुझ्या वहिनीनं सांगितलं, तेही फार उशिरा. माय गेल्यावर चौकीदारानं पऱ्हाट्या उचलून नेल्या. पुढं पाहणी झाली अन् 'आदर्श अंगण' अशी पाटी आमच्या गेटला लागली. मी पेढे आणले. तुझ्या वहिनीनं पेढ्याला हात लावला नाही, रेणुकाबाईंकडून कळलेलं जसंच्या तसं सांगितलं.

तू म्हणशील, मायचा गैरसमज झाला. मीही आठ दिवस मनाला तेच सांगत होतो. पण जानेवारीच्या मीटिंगमध्ये सुधाकरराव म्हणाले होते, "दिव्याखाली अंधार! सेक्रेटरीच्या घरापुढून गेलं की गावकुसाबाहेर आल्यासारखं वाटतं." सगळे हसले. मनकर्णा, मीही हसलो. नोटीस मी त्याच संध्याकाळी लिहिली. मला लाज पऱ्हाट्यांची नव्हती वाटत, मायची वाटत होती. तिनं कागद बरोबर वाचला. मी चुकलो. हे तिला तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून तुला लिहितो आहे.

पाटी मी काढून परत केली. परवाच्या मीटिंगमध्ये भांडून नियम बदलून घेतला, दारापुढं सरपण "नीट रचून" ठेवलं तर चालेल. काल गाडीभर पऱ्हाट्या आणून दारापुढं टाकल्या. रचायला गेलो तर ढीग तीनदा कोसळला. माय मुळं कशी एकात एक अडकवायची, कधी नीट पाहिलंच नाही. हाताला फोड आले. रेणुकाबाई कंपाउंडवरून पाहून हसत होत्या.

आज सुधाकररावांनी मला नोटीस पाठवली. ढीग सात दिवसांत नीट रचावा, नाहीतर हटवावा. मी हटवणार नाही. रचता मला येत नाही.

हे पत्र मायला सगळं वाचून दाखव, हसल्याची ओळसुद्धा गाळू नकोस. रविवारी मी पहिल्या बसनं येतो. फोटो मी हातात धरून आणीन. ती नाही म्हणाली तर तिथंच ओसरीवर बसून राहीन.

अन् वाचून झालं की कागद तिच्या हातात दे. याच्यावर शिक्का नाही. खालची सही तेवढी दाखव. ती ओळखते.

तिचा,
मोत्या