गॅस न लावता केलेले लाडू

प्रिय अण्णा,

आज सकाळी तुझी डोंगरवाली मंडळी शिवगंगेच्या डोंगरावर गेली. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. लाडवांचा डबा माझ्याकडूनच गेला, आणि तो कसा गेला हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. एरवी फोनच केला असता. हे नाश्ता करून खुर्चीत पेंगतायत, कपड्यांचं मशीन फिरतंय, तेवढ्यात लिहून घेते. मध्येच उठावं लागलं तर तुटक होईल. चालवून घे.

दमलेय रे अण्णा. झोप काढली की उतरावी, अशी ही दमणूक नाही. सकाळी उठते तीच दमलेली. ह्यांना उठवा, बसवा, भरवा, पुसा. दिवसाची बाई येते त्या दिवशी जरा बरं, पण ती येतेच असं नाही. तू असताना मी हे कोणाला सांगत नव्हते, कारण तुला न सांगता कळायचं. आता न सांगता कोणाला कळणार?

आठवतं तुला, ते लाडू कसे सुरू झाले? कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तुला डोंगरांचं वेड लागलं. दर शनिवारी निम्म्या वयाची पोरं घेऊन कुठे ना कुठे चढायचं. दुकानातल्या त्या चॉकलेटच्या पट्ट्या उन्हात वितळून पिशवीला चिकटल्या, म्हणून तू माझ्याकडे आलास. ह्यांच्या पक्षाघाताला तेव्हा थोडेच महिने झाले होते. मी ओट्यापाशी उभी राहून मऊ भात घोटत होते. कणकेचे लाडू करून देते म्हटलं, तर मोठ्या भावाच्या थाटात केवढ्यानं ओरडलास माझ्यावर!

"गॅस लावायचा नाही, पुट्टी. उभं राहायचं नाही. बसून जेवढं होईल तेवढंच."

मग बसून होईल तेवढंच आपण केलं. मऊ खजूर, दुकानातून भाजूनच आणलेले शेंगदाणे, डाळं, तीळ, किसलेलं सुकं खोबरं, जराशी सुंठ. आणि मीठ. लाडवात मीठ बघून मी नाक मुरडलं, तर तू म्हणालास, चढताना घाम जातो, तिथे खाऊन बघ म्हणजे कळेल. मी कशाला तिथे येतेय!

दर शुक्रवारी दुपारी तू यायचास. तू बिया काढायचास, मी मिक्सर फिरवायची, मग दोघं बसून वळायचो. इकडचं तिकडचं बोलायचो. गल्लीत कोणी नवी गाडी घेतली, कोणाचा कुत्रा चावला. पलीकडे खुर्चीत हे. तू दरवेळी परात त्यांच्यासमोर धरायचास. "मोहनराव, एक तरी वळा. डावा हात तर सरी आहे ना, ठीक आहे ना?" ते मान फिरवायचे. दरवेळी. तू रागावला नाहीस कधी. मी मात्र आतल्या आत जळायची.

आता एक विचारते. त्या शेवटच्या शनिवारी डोंगरावरून परस्पर माझ्याकडे आलास, फाटकाला धरून उभा राहिलास. चेहरा पांढरा पडला होता तुझा. काय झालं म्हटलं, तर "स्वल्प दमलोय." स्वल्प! सगळ्या जगाला बसा, टेका, पाणी प्या म्हणणारा तू, तुला डॉक्टरकडे जायला काय झालं होतं? पाणी प्यायलास, डबा परत दिलास आणि गेलास. त्याच आठवड्यात तुझ्या शेजाऱ्यांचा फोन आला.

दोन गल्ल्या पलीकडे तू गेलेला, आणि मला निघता येईना. ह्यांना एकटं कसं सोडू? त्यांच्याजवळ बसायला कोणाला तरी बोलवावं म्हणून फोन घेतला, आणि माझा अंगठा सवयीनं तुझ्याच नावावर गेला. असं कोणाचं होऊ नये रे. शेवटी दिवसाची बाई आली तेव्हा मी पोहोचले. तोवर तुझं घर माणसांनी भरलं होतं आणि सगळे मलाच विचारत होते, एवढा उशीर का?

त्यानंतर मी मिक्सर नुसता पुसून ठेवला. शुक्रवार नकोसा झाला.

परवा काव्याचा फोन आला. तुझी ती बेळगावची काव्या, कोरमंगलात पीजीत राहणारी, जिच्या पोरांसारख्या "मी येतो, मी जातो"वर तू हसायचास. म्हणाली, "काकू, आम्ही अण्णांच्या नावानं शिवगंगेला जायलोय. लाडू पाहिजेत. पीजीत गॅस वापरू देत नाहीत, पण ह्याला गॅस लागतच नाही की ओ! तुम्ही नुसतं सांगा, मी करतो." मी नाहीच म्हणत होते. माझ्या अंगात त्राण नव्हतं. पण पोरगी ऐकते का? काल दुपारी सुट्टी टाकून, राजाजीनगरचं ते ट्रॅफिक तुडवत दारात हजर. पिशवीत खजुराऐवजी खारीक!

"सगळं खजूरच की ओ, काकू," म्हणाली. अण्णा, कित्येक दिवसांनी मला हसू आलं.

घरात थोडा मऊ खजूर होता. त्याचं सारण मी कालवून दिलं. पण एवढ्यात काय होणार? दुकानात जायला हवं होतं. "तुम्ही जा की, मी बसतो काकांजवळ," ती म्हणाली. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांनी डोळे मिटून घेतले. मग गेलेच.

कोपऱ्यापर्यंतच जायचं होतं. पण एकटीनं, हात मोकळे टाकून चालताना कसंतरीच झालं. काहीतरी घरी विसरून आल्यासारखं. खजूर घेतला आणि जवळजवळ पळतच परत आले.

दार उघडंच होतं. आतून काव्या म्हणत होती, "काय की, फुटालेत सगळे." आणि मग ह्यांचा आवाज. जड, घोगरा.

"दाब."

मी चप्पल न काढता उंबऱ्यातच थांबले. परात ह्यांच्या मांडीवर होती. डाव्या मुठीत सारण घेऊन ते जीव खाऊन दाबत होते. "आधी दाब. मग वळ." तिसऱ्या शब्दाला जीभ अडखळली, पण म्हणाले. मूठ उघडली तर आत चपटा, बोटांचे ठसे उमटलेला एक गोळा. फुटला नव्हता. त्यांनी तो ताटात ठेवला आणि पुढचा घ्यायला हात घातला. एवढे शुक्रवार नुसती मान फिरवून बसलेला माणूस तुझे हात बघत होता म्हणायचा!

मला आनंद झाला असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण आधी मला संताप आला. हे तू असताना का नाही केलं? तू किती विनवलंस! माझ्या भावाला एवढं एक सुख द्यायला काय हरकत होती? म्हणाले असते "दाब" तुला, तर तू राजाजीनगरभर सांगत फिरला असतास.

मग ह्यांनी मला बघितलं. काव्यानं ताट पुढे केलं, तर त्यातला एक जरासा चाखून त्यांनी माझ्यासमोर धरला. म्हणाले, "अण्णा... मीठ." डोळे भरले होते त्यांचे. सारणात मी मीठ घालायलाच विसरले होते, अण्णा! मी तिथेच खुर्चीत बसले. रडले की नाही, ते तू विचारू नकोस. मीठ घालून पुढचे लाडू आम्ही तिघांनी केले. थोडे गोल, बरेचसे वाकडे. तुझ्या मंडळींनी हसत खाल्ले असतील.

निघताना काव्या म्हणाली, दर शुक्रवारी दुपारी मी घरून काम घेतो, इथेच येऊन बसतो, तुम्ही तासभर बाहेर जा. मी लगेच "नको गं" म्हटलं. तोंडात बसलाय तो शब्द. कोणाचे उपकार नकोत, कोणाला त्रास नको. तुझ्याकडूनच शिकलेय बहुतेक, आणि तुझं त्यानं काय भलं झालं ते बघतेच आहे.

मशीन थांबलं. आवरते.

डोंगर मी चढणार नाही, तेवढी आशा ठेवू नकोस. पण हे लिहून झालं की काव्याला फोन करून "हो, ये" म्हणणार आहे. हे वचन समज. आणि त्या तासाभरात भाजी आणणार नाही, औषधं आणणार नाही, बँकेत जाणार नाही. कोपऱ्यावर जाऊन एक कॉफी घेईन. गरम असतानाच पिईन, शेवटच्या घोटापर्यंत.

तुझी,
पुट्टी