यादीत धरलेली माणसे

४ मार्च, बुधवार

आज घरात आलेल्या वस्तू: संगणक एक, छापायच्या यंत्रासकट (ह्यांच्या ऑफिसाने मोडीत काढलेला), ३,०००. मोडेम, म्हणजे संगणक फोनला जोडायची डबी, ९५०. लाकडी स्टूल, ८५. पायपुसणी दोन, ३०. ही वही, १२. संगणक जोडणाऱ्या तंत्रज्ञाला चहा, खर्च शून्य, कारण दूध उरलेलंच होतं.

नवीन घर देवाच्या कृपेने छान मिळालं. तीन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, ओट्याची उंची माझ्या मापाची. ह्यांची बदली झाली तेव्हा मी दोन दिवस डोळे पुसत होते, ते उगाच. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे काही दिसत नाही, पण त्यांनी भिंतीवरून हात फिरवून रंग स्वस्तातला असल्याचा निकाल दिला. चिमणीची (आमची मुलगी, वय नऊ) शाळा दोन गल्ल्यांवर.

तंत्रज्ञाने इंटरनेट कसं लावायचं ते दाखवलं. डबी आधी किंचाळते, मग खरखरते, मग एकदम गप्प होते आणि जग उघडतं. तोवर फोनचं मीटर पळत असतं. सासूबाई म्हणाल्या, सुनेचा आवाज काय कमी होता म्हणून ही बया विकत आणली. हे पोट धरून हसले. मीही हसले.

६ मार्च, शुक्रवार

मी माझी पद्धत बसवली. काय बघायचं ते आधी कागदावर लिहायचं. ओट्यावरचं घंटीचं घड्याळ पाच मिनिटांवर लावायचं. घंटी झाली की बंद. वाचायला लागलं तर पान छापून घ्यायचं, ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर.

पानं परक्या भाषेत असतात. मी मॅट्रिकपर्यंतचीच, पण शब्दकोश मांडीवर घेऊन रेटते. एका बाईने डाग काढायचे एकशे चाळीस उपाय लिहून ठेवले आहेत, कुणीही न सांगता, फुकट! तिला देव सुखी ठेवो. ह्यांच्या शर्टाचा शाईचा डाग दुधाने गेला. एकाने रस्त्यात सापडलेल्या एकेकट्या हातमोज्यांचे फोटो लावलेत, खाली तारीख आणि चौक. एकाच्या घरी माशांची काचेची पेटी आहे आणि तिचं चित्र दर मिनिटाला बदलतं. मासा डावीकडे होता, मग उजवीकडे. चिमणी म्हणाली, आई, मासा आपल्याला बघतोय. मी म्हटलं, बघू दे, त्याचे पैसे पडत नाहीत.

९ मार्च, सोमवार

आज एक फारच कामाचं पान सापडलं, आणि आपल्या भाषेत! नाव नुसतं ‘घरची यादी’. घरातल्या वस्तू खोलीवार भरायच्या, मग कुठलीही वस्तू विचारली की ती कुठे आहे ते पान सांगतं. मी वीस वर्षं हिशोबाची वही ठेवते आहे. मला दुसरं काय हवं?

दुपारभर खोल्या फिरून कागदावर यादी केली. दोनशे बारा वस्तू. मग लाइन लावून, घड्याळ पुन्हा पुन्हा पाच मिनिटांवर आणत सगळं भरलं. शेवटी ‘माणसे’ असा रकाना होता. एक, हे. दोन, सासूबाई. तीन, चिमणी. तेवढ्यात घंटी झाली. खाली बरंच बारीक अक्षर होतं, ते न वाचता ‘यादी पूर्ण आहे, कायम करा’ हे बटण दाबलं.

मी स्वतःला धरलं नाही. ताटं मांडतानाही मी तीनच मोजते. यादी करणाऱ्याने स्वतःला काय धरायचं?

१० मार्च, मंगळवार

कात्री आठवडाभर सापडत नव्हती. पानावर विचारलं. उत्तर: दुसरी खोली, गादीखाली, पायथ्याकडे. होती! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, माझी नजर कुठे गेली तेही विचार एकदा.

१२ मार्च, गुरुवार

लाकडी स्टूल दिसत नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, कसलं स्टूल? आपल्याकडे स्टूल कधी होतं? मी वहीतली ४ तारीख दाखवली. ते म्हणाले, मग दुकानदाराने ठेवून घेतलं असेल, तू पैसे देऊन तशीच आलीस. माझ्या हिशोबाबद्दल असं कुणी आजवर बोललं नव्हतं.

दुपारी यादी तपासली. दोनशे बारा वस्तूंत स्टूल नाही. लिहिताना मी त्याच्यावरच बसले होते, म्हणून राहिलं.

१४ मार्च, शनिवार

बारीक अक्षर छापून घेतलं. कायम झालेल्या यादीत नवी ओळ वाढत नाही. जुनी ओळ खोडून तिच्या जागी दुसरं लिहिता येतं. जे यादीत नाही ते घरात नाही.

खरं-खोटं करून बघावं म्हणून नणंदेने दिलेल्या हिरव्या फुलदाणीची ओळ खोडली आणि तिथे ‘लाकडी स्टूल’ लिहिलं. जेवणं आटोपून स्वयंपाकघरात गेले तर स्टूल ओट्याखाली. फुलदाणीच्या जागी फळीवर धुळीची खूणसुद्धा नाही. हे म्हणाले, कसली फुलदाणी?

ती फुलदाणी मला बारा वर्षं डोळ्यांत खुपत होती. देवापुढे बसून क्षमा मागितली. पण जप करताना मनात घरभर फिरत होते, आणखी काय काय खोडता येईल ते बघत.

१५ मार्च, रविवार

हे सर्कशीची तिकिटं घेऊन आले. तीन. मी म्हटलं, आणि माझं? हे म्हणाले, अरेच्चा, मोजून तर घेतली होती. मग मीच म्हटलं, जाऊ दे, मला कुठे हौस आहे.

संध्याकाळी घर निवांत होतं. चार पैसे वाचले असं लिहायला वही उघडली, लिहवलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

चिमणीने शाळेचा कागद भरला. वडिलांचं नाव आहे. आजीचं आहे. आईच्या नावापुढे रेघ मारली आहे. मी विचारलं तर ती माझ्याकडे बघत राहिली, दुकानात कुणाचा तरी धक्का लागल्यावर बघतो तशी. मग खेळायला गेली.

१८ मार्च, बुधवार

रात्री जेवताना हे सासूबाईंना म्हणाले, आई, या वयात तुझ्या हाताची चव तीच आहे हं. सासूबाई म्हणाल्या, मेल्या, मला चूल दिसते का? बायकोने केलंय. हे हसले. म्हणाले, तुझं काहीतरीच.

मी तिथेच उभी होते. हातात पातेलं घेऊन. वाफेने बोटं भाजत होती, तरी खाली ठेवलं नाही — ठेवलं असतं तर ते कुणी ठेवलं म्हणाले असते?

१९ मार्च, गुरुवार

सासूबाई एकट्याच मला धरून आहेत. माझ्या चपलांचा आवाज ओळखतात. आज दिवसभर टोचून बोलल्या: केर नीट नाही, चहा पांचट, तुझ्या माहेरी असाच करत होते वाटतं. मी प्रत्येक शब्दाला जी जी म्हटलं. इतकी गोड शिवी आयुष्यात खाल्ली नव्हती.

दुपारी पानावर विचारलं. हे: ऑफिस, दुसरा मजला, खिडकीशी. चिमणी: शाळा, तिसरा बाक. सासूबाई: पहिली खोली, खाट. मग लिहिलं, मी.

आढळले नाही.

२० मार्च, शुक्रवार

माणसांच्या ओळी तीनच. स्टूल परत आलं होतं, तशी मीही येईन. पण एक ओळ रिकामी करायला हवी.

हे नाहीत तर पगार नाही, घर नाही. चिमणी — तिच्याबद्दल लिहिणारही नाही. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. औषधं महिन्याला १४०. रोज देवाला म्हणतात, ने रे बाबा मला. रोज. मी स्वतःच्या कानांनी ऐकते.

बावीस वर्षं त्यांनी मला बोल लावले. हेही हिशोबात धरायला हवं.

२१ मार्च, शनिवार

सकाळी देवाला कौल मागितला. देव काही बोलला नाही. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा घेतला, हे इथे लिहून ठेवते.

अकरा वाजता त्यांना न्हाऊ घातलं. स्वच्छ कपडे घातले. त्या म्हणाल्या, आज काय एवढं, मला कुठे पाठवायचंय? मग माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, किती वाळलीस गं, आधी दोन घास खा, मग काम कर. तसं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. बावीस वर्षांत एकदाही नाही. आजच का म्हणाव्यात!

मी हात सोडवून घेतला. लाइन लावली. डबी किंचाळली. पलीकडून त्या ओरडल्या, बंद कर ती बया. दुसरी ओळ खोडली.

मागे आवाज थांबला.

‘मी’ लिहिलं. पानाने उत्तर दिलं: लिहिणाऱ्याला यादीत धरत नाहीत.

पुन्हा ‘सासूबाई’ लिहिलं. घाईघाईत, दोनदा चुकून. उत्तर आलं: कोणाच्या?

‘ह्यांची आई’ लिहीपर्यंत ओळ राखाडी झाली. त्यानंतर ती कशानेच —

खाट नाही. पहिल्या खोलीत चिमणीच्या सायकलीची जागा आहे. भिंतीवर हात फिरवला. रंग खरंच स्वस्तातला आहे.

२३ मार्च, सोमवार

हे शेजाऱ्यांना सांगत होते, आई मी लहान असतानाच गेली. बायको? नाही हो, आम्ही बापलेकच. स्वयंपाकाला बाई बघतोय.

मी ओट्यापाशीच होते.

२४ मार्च

बाई आली. दोन वेळचा स्वयंपाक, महिना ३००. माझं स्टूल पायाने सरकवलं आणि त्यावर बसली. चिमणीने पहिल्याच दिवशी तिला विचारलं, मासा बघणार का? दोघी बघत बसल्या. घंटी न लावता. मीटर —

चिमणी चित्रातल्या माशाकडे बोट दाखवून म्हणाली, तो बघ, माझ्या मागे बघतोय.

२६ मार्च

संगणकाची कळ दाबते, दबत नाही. चपलांचा आवाज येत नाही. पेन्सिल अजून उमटते. इथे, या वहीत. मागच्या पानांवर मात्र — आकडे राहिलेत. शब्द फिके.

चहा केला. कुणी प्यायला नाही. मीही नाही. खर्च —

तारीख माहीत नाही

बाईने वही उचलली, उलटसुलट केली, कोरी आहे म्हणाली. चिमणीला चित्रं काढायला देणार. पाठीमागून पानं फाडतेय. हे पान काढून घेते. टपालाचं तिकीट कपाटात आहे, एक, आधीच घेतलेलं. टपालपेटीत कसं टाकणार ते — बघू.

ताई,

साष्टांग नमस्कार. मी कुशल आहे असं लिहिणार होते. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला तू कडेवर घेऊन शाळेत न्यायचीस, मास्तरीण रागवायची. हे तुला आठवतंय ना? आठवत नसलं तरी हो म्हण. मी एका म्हाताऱ्या बाईंना — ते नंतर लिहीन. इथे येऊ नकोस. आलीस तर हे तुला दारातूनच —

तू आठवणीची पक्की. फक्त एवढंच कर. उलट टपाली कळव, आपण भावंडं एकूण किती? आईने पोरांची ताटं मांडताना किती मोजली होती? दोन लिही. ताई, आधी दोन लिही, मग विचार कर. एक लिहू नकोस. उलट टपाली. वाट बघते, पत्र दाराखालून आलं की कुणी उचलायच्या आत मी त्याच्यावर पाय —