बाबा पॅसेंजरमध्ये बसले

रविवार, संध्याकाळ. दिवा, ताईच्या घरी.

बाबा अखेर पॅसेंजरने आले! रेल्वेच्या रुळांखाली आमची आंब्याची कलमं गेली, तेव्हापासून त्यांनी या गाडीत पाऊल टाकलं नव्हतं. मुंबईला जायचं तर एसटीनेच. आज नातीच्या बारशासाठी तयार झाले. पण सोबत गुळाचा डबा कशाला? रत्नागिरीला गाडीत बसल्यापासून तो मांडीवरच. मला धास्ती, कुणाशी वाद तर घालणार नाहीत ना?

उक्षी स्टेशनच्या अलीकडे आमची रुळांखाली गेलेली जमीन आली. बाबा उठले. डबा उघडून समोरच्या अनोळखी बाईंपुढे धरला, मग बोगीतल्या सगळ्या बाकांवरून फिरवला.

"गूळ घ्या, पाणी देतो. आमच्या बागेत आलात तुम्ही."