सिंधूच्या नावाचं तिकीट

॥ श्री ॥
अकोला, ३० ऑक्टोबर २०२५

चि. सिंधूस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला ओवाळताना तू म्हणालीस की या वर्षी तबकात साडी नको, विजापूर घाल. सगळे हसले. मीही हसलो. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आल्यावर लक्षात आलं, की तू हसली नव्हतीस.

तेव्हा विजापूर. गोल घुमट. डिसेंबरात, शाळांच्या सहलींची गर्दी टाळून, सकाळी पहिल्या तासात. तिकीट आता घरबसल्या आधी काढता येतं. तिथल्या खिडकीवरही मिळतं म्हणतात, पण मी चाळीस वर्षं वकिली केली; तारीख घेतल्याशिवाय कुठे गेलो नाही.

प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो. तुझ्या आधार कार्डाचा नंबर कळव. मैथिली सोबत येणार असेल तर तिचाही. नाव कळवू नकोस, ते मला माहीत आहे.

तुझी वहिनी येणार नाही. तिला मेहकरच्या पुढे बस लागते. माझा गुडघा आहे तसाच आहे.

मो. न. ल. आ. लोभ आहेच, त्याची मुदत वाढवत राहा.
तुझा दादा

---

राजापेठ, अमरावती
४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास सिंधूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, तसं मैथिलीला दारातच सांगितलं. आजोबांनी खरंच मनावर घेतलं, असं म्हणून नाचली. तिला चार दिवस सुट्टी मिळेल. दोघींचे नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलेत.

फोन करू नकोस. तू ओरडतोस, मी हो हो म्हणते, मग कशाला हो म्हणालीस म्हणून तू पुन्हा ओरडतोस. पत्र बरं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजवा संपलेलाच होता. डावा अजून वर्षभर साथ देईल म्हणाले. हेसुद्धा मैथिलीने कागदावर लिहून दाखवलं तेव्हा कळलं. म्हणून विजापूर, आणि म्हणून या वर्षी.

आठवतं ना, बासष्ट साली बाबा तुला घेऊन गेले आणि मी गोवर अंगावर घेऊन घरी पडले. मी आठ वर्षांची, तू तेरा. परत आल्यावर तू माझ्या खाटेवर बसून सांगितलंस की वरच्या सज्जात तू भिंतीशी तोंड नेऊन हळूच माझं नाव घेतलंस, आणि पार पलीकडे उभ्या असलेल्या बाबांना ते ऐकू गेलं. मी ही गोष्ट तीस वर्षं चौथीच्या वर्गाला सांगितली. दर वर्षी कोणीतरी विचारायचं, की बाई, भिंतीचा आवाज कसा असतो. मी सांगायची, अगदी दादासारखा. आता एकदा स्वतःच्या कानाने ऐकायचं आहे. एवढंच.

आमच्या स्वयंपाकाच्या वच्छलेला हे पटत नाही. ती म्हणते, की बाई, नाव ऐकाले एवढ्या दूर काहून जाऊन राहिल्या, मी इथूनच हाक मारतो नं.

तू वर चढायचं नाहीस. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि तुझं सगळं बघून झालेलं आहे. खाली झाडाखाली बस. पलीकडून मैथिली बोलेल.

वहिनीला नमस्कार. माया करतोसच, मोजू नकोस.
सिंधू

---

अकोला, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकिटं निघाली. तीन संध्याकाळी लागल्या.

पहिल्या दिवशी सगळं भरलं आणि मोबाइलवर आकडे येतील म्हणून वाट पाहिली. मोबाइल तुझ्या वहिनीच्या पिशवीत, वहिनी भजनात. ती आली तोवर त्या आकड्यांची मुदत संपली होती. दुसऱ्या दिवशी, मी माणूस आहे अशा चौकोनात खूण करायला सांगितलं. शपथ नाही, साक्षीदार नाही, नुसती खूण. असं विधान इतक्या सहज करावं का, यावर विचार करत बसलो आणि पान आपोआप बंद झालं. तिसऱ्या दिवशी विचार न करता खूण केली.

मंगळवार, १६ डिसेंबर. तुमच्या दोघींची तिकिटं छापून सोबत पाठवली आहेत. कपाटात ठेव. देवापुढे ठेवू नकोस. त्या काळ्या चौकोनावर कुंकू सांडलं तर दारावरच्या यंत्राला तो वाचता येणार नाही.

झाडाखाली बसण्याबद्दल नंतर लिहितो.

घरात सर्वांना यथायोग्य. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.
दादा

---

राजापेठ, अमरावती
१८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास सिंधूचा सा. न. वि. वि.

तिकिटं पोचली. मैथिलीने ती बघितली आणि म्हणाली, की आजी, एक तिकीट दुसऱ्याच कोणाचं तरी आलंय, ही सिंधू वासुदेव पिंजरकर कोण? मी हसायला लागले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिने तेच आणखी मोठ्याने विचारलं. मला हसू आवरेना. शेवटी वच्छला पोळपाट सोडून बाहेर आली.

वकीलसाहेब, मी आधारवर शैलजा विनायक चांदूरकर आहे. पन्नास वर्षं झाली. माझ्या लग्नात यांनी ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने शैलजा लिहिलं आणि बाबांनी पेढे वाटले. तू तेव्हा मांडवाबाहेर आचाऱ्याशी भांडत होतास, म्हणून तुला कळलं नसेल.

मैथिलीला हे सगळं नवीन. आजीला आणखी एक नाव होतं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण? हे जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर शैलजा म्हणणारंही कोणी उरलं नाही. मी आजी, काकू, बाई. तुझ्या पत्राखेरीज सिंधू कुठे नसते.

ओळखपत्र सोबत हवं असं तिकिटाखाली लिहिलंय. नंबर माझा, नाव भलतंच. दारावरच अडवतील आणि मी तिथून परत येईन, हे मला झेपणार नाही. तू सरळ दुसरं तिकीट काढ, बरोबर नावाचं. नाहीतर खिडकीवर घेऊ. यात कमीपणा काही नाही.

गुडघ्याला तेल लाव. राग धरू नकोस, धरलास तरी पत्र टाक.
सिंधू (पिंजरकर)

---

अकोला, २५ नोव्हेंबर २०२५

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुसरं तिकीट काढणार नाही. तिकीट बरोबर आहे. आधार चुकलेलं आहे.

मी प्रतिज्ञापत्र केलं. सिंधू वासुदेव पिंजरकर आणि शैलजा विनायक चांदूरकर या दोन्ही एकच व्यक्ती असून मी तिला तिच्या जन्मापासून ओळखतो, असं शपथेवर लिहून दिलं. माझा जुना ज्युनिअर देवीदास आता नोटरी आहे. त्याने विचारलं, की काका, मॅटर कोणती. मी सांगितलं, घुमटाची. सगळं ऐकून तो म्हणाला, की काका, तिथं खिडकीवर दुसरं तिकीट भेटते नं, काहून एवढा खटाटोप करून राहिले. मी त्याला म्हटलं, तू शिक्का मार. त्याने मारला, आणि वर चहा पाजला.

एकदा शपथेवर खरं लिहिलं की हात तिथेच थांबत नाही. म्हणून आणखी एक.

बासष्ट साली मी वर गेलो नाही. चौथ्या वळणापर्यंत चढलो. जिन्यात अंधार होता आणि वरून कसला तरी आवाज येत होता. मी पायरीवर बसून राहिलो. बाबा एकटे वर जाऊन आले. भिंतीचं सगळं त्यांनी मला उतरताना सांगितलं. तेच मी तुला सांगितलं.

तुझं नाव तिथे कोणी घेतलं नाही. तू तापात होतीस. माझं नाव घेतलंस का, असं तू विचारलंस. मी हो म्हणालो.

तेव्हा मी झाडाखाली बसू शकत नाही. माझंही बघायचं राहिलं आहे.

लोभाबद्दल या खेपेस काही मागत नाही.
दादा

---

राजापेठ, अमरावती
३० नोव्हेंबर २०२५

ती. दादास सा. न.

तीन दिवस लिहिलं नाही. हिशेब करत होते. वर्गात चाळीस मुलं, वर्षं तीस. बाराशे मुलांना मी खोटं सांगितलं. त्यांतले दोघे वकील झाले, ते यामुळेच असणार.

मैथिलीला सांगितलं तर ती म्हणाली, की वकील आजोबा भारीच निघाले. तिला गंमत वाटते. मला पहिल्या दिवशी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी तो तेरा वर्षांचा मुलगा पायरीवर बसलेला दिसला, तेव्हा थोडी वाटली.

पण झाडाखाली बसणं रद्द. आता पलीकडून मैथिली बोलणार नाही. तूच बोलायचं. हाडांच्या डॉक्टरांना विचार. प्रत्येक मजल्यावर थांब. मला घाई नाही. म्हणजे कानाला आहे, मला नाही.

आणखी एक. वर तू काय बोलणार ते आधी सांगू नकोस. खाली उतरल्यावरही त्यावर बोलायचं नाही, बसमध्येही नाही. घरी जाऊन तू काय बोललास ते तू लिही, मी काय ऐकलं ते मी लिहीन. एकाच दिवशी टाकू. तुमच्या कोर्टात साक्षीदारांना वेगवेगळं बसवतात तसं. तुझ्या तोंडी साक्षीवर माझा आता विश्वास नाही.

बाकी माया तशीच आहे, काय करणार.
सिंधू

---

अकोला, ८ डिसेंबर २०२५

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अटी मान्य. डॉक्टर म्हणाले, चढा, पण उतरताना मला शिव्या देऊ नका.

रोज सकाळी समोरच्या अपार्टमेंटचा जिना चढतो. तिथला चौकीदार देवमन रोज विचारायचा, की साहेब, कोन्या फ्लॅटमधी जाता. कुठेच नाही, असं सांगितल्यावर त्याचा विश्वास बसेना. पाचव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवलेली दिसली. काल सहाव्या मजल्यापर्यंत गेलो. तिथल्या बाईंनी दार उघडून कुरिअर का म्हणून विचारलं.

तुम्ही १४ तारखेला दुपारपर्यंत अकोल्याला या. संध्याकाळी सोलापूरची ट्रॅव्हल्स आहे. पंधराला विजापुरात मुक्काम. स्वेटर आण. कानाचं यंत्र आण. आधार आण.

काय बोलायचं ते ठरलं. अकरा शब्द आहेत. पाठ केले.

भेटीअंती बोलू, म्हणजे लिहू.
दादा

---

अकोला, २० डिसेंबर २०२५

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ठरल्याप्रमाणे लिहितो.

चढताना चौथं वळण शोधलं. सगळी वळणं सारखीच होती. मी कोणत्या पायरीवर बसलो होतो ते ओळखू आलं नाही. तो आवाज मात्र ओळखला. पारवे होते.

सज्जात पोचलो तेव्हा तू पलीकडे जाऊन उभी होतीस. मी भिंतीजवळ खाली बसलो. तोंड भिंतीकडे केलं. अकरांपैकी एकही शब्द आला नाही. नुसता धापा टाकत होतो. मग भिंतीतून आवाज आला, की दादा, आधी बस, पाणी पी. मी बसलेलाच होतो. पाणी प्यालो.

त्यानंतर अकरांतला पहिला शब्द निघाला. एकदाच. पुढचे आठवत पाण्याची बाटली बंद केली. इतक्यात सहलीची पोरं आली आणि आरोळ्या सुरू झाल्या.

म्हणजे मी एक शब्द बोललो. शपथेवर. उरलेले दहा माझ्याकडे आहेत. ते पत्रातून, एकेक करून पाठवीन. पत्राला कान लागत नाहीत, आणि तेवढी पत्रं तरी होतील.

देवमनने खुर्ची अजून उचललेली नाही. मी जातो, बसतो, येतो.

मो. न. ल. आ. तुझी साक्ष येऊ दे.
दादा

---

राजापेठ, अमरावती
२० डिसेंबर २०२५

ती. दादास सिंधूचा सा. न. वि. वि.

आधी दारावरचं, कारण तू गुडघ्याकडे बघत होतास, तुझं लक्ष नव्हतं. पहारेकऱ्याने यंत्र लावलं, टुक झालं, आणि त्याने हाताने आत जा म्हटलं. नाव कोणी वाचलंच नाही. मी सुटले म्हणून पुढे निघाले, तर तू पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढून त्याच्यापुढे धरलंस. बिचाऱ्याला मराठी येत नव्हती. तो शिक्का बघून घाबरला, मग तिकीट बघितलं आणि विचारलं, की सिंधू कोण. मी चौथीतल्या मुलीसारखा हात वर केला. मैथिली अजून घरभर हात वर करून फिरते.

आता साक्ष. कानाचं यंत्र पर्समध्ये होतं. डावा कान भिंतीला लावला.

पहिल्यांदा धाप ऐकू आली. इतकी जवळून, की मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. तू पार पलीकडे, अंगठ्याएवढा, माकडटोपीत. मी भिंतीला सांगितलं, की दादा, आधी बस, पाणी पी. तू बाटली उचललीस. म्हणजे भिंत चालते.

मग सिंधू.

चारदा आलं. तिथे सात वेळा येतं म्हणतात. तीन उजव्या कानाकडे गेले असतील. त्यापुढे तू आणखी काही बोललास की नाही, मला माहीत नाही. बोलला असशील तर लिही. नसशील तरी चालेल.

आवाज अगदी दादासारखा होता. त्या बाराशे मुलांना मी निदान एवढं तरी खरं सांगितलं होतं.

तिकीट वच्छलेने देवापुढे ठेवलंय आणि तुझी भीती खरी करून त्यावर कुंकू सांडलंय. तिने मला विचारलं, की बाई, आता तुमाले कोन्त्या नावानं हाक मारू. मी म्हटलं, बाईच बरं.

पण काल संध्याकाळी मैथिली स्वयंपाकघरातून मला हाक मारत होती. मला ऐकू आली नाही. तिने तीनदा मारली म्हणे, मग वैतागून समोर येऊन उभी राहिली आणि चौथ्यांदा मारली. सिंधूआजी. मी ऐकलं. तरी तिला म्हटलं, आणखी एकदा मार.

तुझी, तिकिटावर आहे तीच,
सिंधू