दोन डिस्कची यादी

१० मार्च ९९, बुधवार
नणंदेच्या लग्नाची कॅसेट नगरहून मिक्सिंग होऊन आली. लावली आणि डोकंच फिरलं. भन्तेजी वेळेवर पोचले नाहीत म्हणून आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, स्वतः लेकीला त्रिसरण-पंचशील दिलं होतं. ते सगळं गायब! त्या जागी बदामातून डोकावणारे नवरानवरी, वर कुणाच्या तरी मंगलाष्टका. बौद्धांच्या लग्नात! आबा उठून अंगणात गेले. जेवले पण नाहीत नीट.

११ मार्च
मिक्सिंगवाल्याला फोन केला. "ताई, तिथं हालचालच न्हाई. समदे नुसते बसल्यात. लोक तेवढं पुढं पळवत्यात."
अरे बाबा, आमचं लग्न लागतं ते तेवढ्यातच! नेमकं तेच कापलंस?
"मंगलाष्टका वरनं फुकट टाकल्या की."
उपकारच झाले म्हणायचे. मूळ कॅसेट आपल्याकडे आहे हे नशीब.
ह्यांना सांगून टाकलं, लग्नांचं शूटिंग तुम्ही करताच, मिक्सिंग आता घरी, मी करणार. कॉम्प्युटरचा कोर्स काय भिंतीवर सर्टिफिकेट लावायला केला?

१५ मार्च, सोमवार
मासिकं वाचून यादी केली. पेंटियम टू चालेल, थ्रीची हौस नको. रॅम १२८. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला कॅप्चर कार्ड, आपला व्हीसीआर थेट जोडता येईल असं. हार्ड डिस्क दोन. एकीवर विंडोज, दुसरीवर नुसतं शूटिंग. एकीलाच दोन्ही कामं लावली की चित्र अडखळतं. दोन म्हणजे दोनच. खाली दोन रेघा मारल्या.

१८ मार्च
नगर. दुकानदार यादी माझी वाचतो, बोलतो ह्यांच्याशी. "साहेब, वहिनींना टायपिंगला साधा पुरेल."
म्हटलं टायपिंग नाही, व्हिडिओ. तर ह्यांनाच विचारतो, "व्हिडिओ का साहेब?" मी काय भिंतीशी बोलत होते? खुर्ची पण एकच पुढं केली. आणि हे बसले!

२५ मार्च
कॉम्प्युटर टेम्पोतून आला. कॅबिनेट उघडून बघितलं. डिस्क एक. मोठी, पण एकच.
फोन केला. "साहेबांना विचारूनच केलं, वहिनी."
साहेब शेजारीच उभे. म्हणे, "त्याचा फोन आलता, बोलला दोन कशाला, उगं गरम हुतंय. मी व्हय म्हणालो. तू धुणं धूत होतीस."
धुणं धूत होते! हाक मारायला काय तोंडाला कुलूप होतं? दुकानदार परका, त्याचं एक सोडा. पण तुम्हाला तर ठाऊक होतं मी हे कशासाठी करतेय. संताप, संताप नुसता.

२७ मार्च, शनिवार
आबांना समोर बसवून त्यांचाच भाग उतरवला. दोन ओळी नीट. मग पडद्यावरच्या आबांचा हात हवेतच थांबला, चित्राने उडी मारली, मधलं गेलं ते गेलंच. पुन्हा केलं. चार वेळा. दर वेळी कुठे ना कुठे तुटतंच. विंडोज आणि शूटिंग एकाच डिस्कवर, दुसरं काय होणार?
आबांनी कारण विचारलं. सांगितलं सगळं, ह्यांच्यादेखत.
आबा ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "त्या नगरवाल्याला ठावं नव्हतं रं. तुला तर ठावं हुतं." मग माझ्याकडं वळले, "आन् तू गं, त्येच्याशी फोनवर भांडलीस. घरात का गप बसलीस दोन दिस?"
खरंय. वहीत भांडत बसले.

२८ मार्च
ह्यांच्याशी बोलले. मोठ्याने. शेजारच्या काकूंनी टीव्ही बारीक केला, करू देत. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच.
यादी नव्याने लिहिली. खाली सही माझी. उद्या पहिल्या एसटीने नगर, डिस्क बदलून घेतल्याशिवाय दुकानातून हलणार नाही. देईल का तो, काय माहीत.
आत्ता हे दारात येऊन विचारून गेले, "मी पण येऊ का?"
यादी माझ्याच पर्समध्ये टाकली; दुकानात खुर्ची एकच आहे.